आईंना कळवायच्या दुरुस्त्या

वहिनींना "वहिनी" हे नाव धाकट्या दिरामुळे पडलं. त्या लग्न होऊन आल्या तेव्हा तो शाळेत होता आणि दिवसभर जिन्यातून वर-खाली करताना त्याचा "वहिनी, वहिनी" असा घोष चालायचा. तो शेजाऱ्यांनी उचलला, मग कोपऱ्यावरच्या दुकानदाराने उचलला आणि बघता बघता त्या अख्ख्या बिल्डिंगच्या वहिनी झाल्या. ज्या लॅबमध्ये त्या कामाला होत्या तिथले मालक वयाने त्यांच्याहून बरेच मोठे, पण तेही "वहिनी, ती खालची कवळी झाली का?" असंच विचारायचे.

काम कवळ्यांचं. दातांचे डॉक्टर पेशंटच्या तोंडाचं माप घेऊन पाठवतात, त्यात प्लास्टर ओतून जबड्याचा साचा होतो, साच्यावर मेणाची हिरडी चढते आणि त्या मेणात एकेक दात बसवला जातो. हे दात बसवणं वहिनींचं. वर्षानुवर्षं हेच केल्यामुळे त्यांना एक खोड लागली होती. समोरचा माणूस बोलत असला की त्यांची नजर त्याच्या डोळ्यांवर ठरायचीच नाही, घसरून तोंडावर यायची. नवीन ओळख झाली की घरी येऊन सांगायच्या, "बाई स्वभावाने चांगल्या आहेत, पण वरचे पुढचे दोन खोटे आहेत."

मालकांनी कॉम्प्युटरवर कवळी तयार करायचं मशीन घ्यायचं ठरवलं आणि मशीनवाल्या कंपनीने कळवलं की कुणातरी एकाला महिनाभर शिकायला पाठवा. मालकांचे गुडघे विमानात बसण्यासारखे नव्हते. म्हणून वहिनी निघाल्या. घरात आधी कुणाचा विश्वासच बसेना. नवरा ड्रायव्हिंग स्कूलमध्ये गाडी शिकवायचा. रोज कुणी ना कुणी त्याला भिंतीवर नेऊन घालता घालता थांबायचं, त्यामुळे तो सहसा दचकत नसे, पण ही बातमी ऐकून त्याने हातातला कप खाली ठेवला. लेक कॉलेजात होती, तिने ताबडतोब फोनमध्ये भाषांतर करणारं काहीतरी घालून दिलं. आपण मराठीत बोलायचं, फोन त्यांच्या भाषेत बोलतो; ते बोलले की फोन मराठीत सांगतो.

प्रश्न होता सासूबाईंचा. सासूबाई म्हणजे घरातल्या आई. त्यांनी उमेदीची सगळी वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काढली होती, कानाला हेडफोन लावून हजारो लोकांची बोलणी एकमेकांना जोडून दिली होती. आता त्यांनाच ऐकू येत नव्हतं. कानाचं मशीन आणलं होतं, पण त्यात म्हणे भांड्यांचा आवाज तेवढा येतो, माणसाचा नाही. ते कपाटात गेलं. मग घरात सगळे त्यांच्याशी ओरडून बोलायचे आणि त्यांना जे कळायचं ते कळायचं, उरलेलं त्या स्वतःच ठरवायच्या.

"फोनबिन मला नको," त्यांनी निघताना बजावलं. "कागदावर लिही. नीट, सविस्तर. 'मी मजेत आहे' असलं एका ओळीचं पाठवलंस तर परत पाठवीन."

पोस्टाने पत्र यायच्या आत वहिनीच परत आल्या असत्या. म्हणून असं ठरलं की वहिनींनी कागदावर लिहायचं, कागदाचा फोटो काढून पाठवायचा आणि लेकीने तो मोठ्या स्क्रीनवर आजीला दाखवायचा. आईंचं वाचून झालं की संध्याकाळी त्या खाली बाकावर बसून बिल्डिंगमधल्या सगळ्यांना त्यातलं सांगणार, हे काही ठरवावं लागलं नाही. ते होणारच होतं.

पण परदेशात पोचल्यावर कसलं पत्र आणि कसलं काय! दिवसभर शिकणं, संध्याकाळी खोलीवर सराव. लॅबमधून दोन-चार साचे आणायच्या आणि खिडकीशी दिव्याखाली धरून, फिरवून फिरवून बघत बसायच्या. सवड मिळाली तेव्हा परतीला आठवडाही उरला नव्हता. एका सुट्टीच्या दिवशी सकाळी वहिनींनी टेबल खिडकीशी ओढलं आणि लिहायला घेतलं. हात असा चालला की दोन्ही बाजूंनी पाच कागद भरले. त्यातलं थोडं असं होतं:

"ती. आईंस साष्टांग नमस्कार. मी मजेत आहे, पण एवढंच लिहीत नाही. खोली जिना चढून दुसऱ्या मजल्यावर आहे. खाली घरमालकीण राहतात, एकट्याच. बाई प्रेमळ, पण बिचारीचे दात फार खराब असणार. मी दिसले की लगेच तोंडावर हात धरतात. महिना झाला, एकदाही दात दिसू दिले नाहीत. इथली माणसं एकमेकांकडे बघत नाहीत. रस्त्याने मी जाते ती जणू हवाच जाते. समोरच्या घरात एक गृहस्थ आहेत. रिकाम्या खोलीत एकटेच उभे राहून हातवारे करत बोलत असतात. बायको सोडून गेली असावी. वाईट वाटतं. लॅबमध्ये शिकवणारे सर कडक आहेत, पण माझं काम बघून खूश दिसतात. सगळ्यांचं काम एका फळीवर ठेवतात, माझं तेवढं वेगळ्या फळीवर."

फोटो पाठवून वहिनींनी हात झटकले. दुपारी उत्तर आलं. आईंनीही कागदावरच लिहिलं होतं, लेकीने फोटो काढला होता. अक्षर टपोरं, एक्स्चेंजच्या काळातलं.

"पत्र पोचलं. खाली सगळ्यांना सांगितलं. त्या समोरच्या गृहस्थांबद्दल सगळ्यांना फार वाईट वाटलं. पण मला एक सांग, कवळ्या करणारी बाई वरच्या मजल्यावर राहते आणि खालची बाई तोंड झाकून फिरते, हे तुला शोभतं का? जा आणि बघ तिचे दात. मग कळव."

वहिनींना खरं तर आईंच्या हुकुमाची गरज नव्हती. पहिल्या आठवड्यापासून त्यांच्या डोक्यात तोच किडा वळवळत होता. वरची कवळी सैल असेल का? सैल असली की माणूस बोलताना ती जिभेने वर दाबून धरतो, पण ही बाई हात लावते, म्हणजे पुढचा एखादा पडला असणार. की काळे पडलेत? महिनाभर अंदाज बांधून बांधून त्यांनी मनातल्या मनात त्या बाईंसाठी एक अख्खी कवळी तयारही केली होती. फक्त विचारायचं कसं हा प्रश्न होता. आता वरून आदेशच आला म्हटल्यावर त्यांनी पर्समधला छोटा आरसा घेतला, फोन घेतला आणि त्या खाली उतरल्या.

घरमालकीण स्वयंपाकघरात बटाटे सोलत होत्या. रुंद खांद्यांच्या, पांढऱ्या केसांच्या, पायात लोकरी सपाता. दारातूनच वहिनींनी त्यांना अभिवादन केलं. हे एक वाक्य वहिनींनी फोनशिवाय, स्वतः पाठ केलं होतं. लॅबमधल्या एका मुलीकडून शिकल्या होत्या, "तुमचा दिवस चांगला जावो." रोज सकाळी जिन्यात त्या ते ठणठणीत आवाजात म्हणायच्या आणि बाईही काहीतरी गोड उत्तर द्यायच्या. तेवढं एक वाक्य आपल्याला त्यांच्या भाषेत येतं याचा वहिनींना केवढा अभिमान!

वाक्य ऐकलं आणि बाईंचा हात तोंडावर गेला. बटाट्यासकट.

वहिनींनी मन घट्ट केलं आणि फोनमध्ये बोलल्या, "तुमचे दात दुखतात का? मी दातांचंच काम करते. बघू का?" फोन त्यांच्या भाषेत बोलला. बाईंचे डोळे विस्फारले. त्यांनी वहिनींकडे बघितलं, आरशाकडे बघितलं, आणि काय वाटलं कोण जाणे, खुर्चीत टेकून बसल्या आणि डॉक्टरपुढे उघडावं तसा मोठा आ केला.

वहिनी वाकून बघतात तो काय! एकूण एक दात जागच्या जागी. स्वच्छ, घट्ट, ओळीत. मागच्या एका दाढेवर टोपी होती, तीही चांगली बसवलेली. या वयात असं तोंड वहिनींनी क्वचितच पाहिलं होतं. क्षणभर त्यांना जरा वाईटच वाटलं. एवढी मनातली कवळी वाया गेली.

"मग तुम्ही मला बघून तोंड का झाकता?" त्यांनी विचारलं.

फोन बोलला. बाई कानापर्यंत लाल झाल्या. मग फोन जवळ ओढून हळू आवाजात काहीतरी बोलल्या. फोनमधली मराठी बाई नेहमी सरकारी कागद वाचल्यासारखी बोलायची. ती म्हणाली, "आपण दररोज सकाळी माझ्या बदकाला शुभेच्छा देता."

"कशाला?" वहिनी म्हणाल्या.

"बदकाला. आपण म्हणता, तुमचे बदक चांगले जावो. मला हसू येते. आपणांस वाईट वाटू नये म्हणून मी हात ठेवते."

वहिनींनी हळूहळू तेच वाक्य पुन्हा म्हणून पाहिलं. बाईंनी मान डोलावली, बदक. मग शब्दातला एक स्वर जरा लांबवून म्हणून दाखवला, दिवस. पुन्हा आखडून म्हटला, बदक. दोन्हींत फरक म्हणजे नखाएवढा.

"आणि तुम्ही मला रोज उत्तर देता ते काय?"

बाईंनी आता दोन्ही हात तोंडावर धरले. फोनने गंभीरपणे सांगितलं, "बदक मजेत आहे, ते आपले आभारी आहे."

पुढे स्वयंपाकघरात काय झालं ते वहिनींना नीट सांगताही येत नाही. दोघी हसता हसता टेबलावर आडव्या झाल्या. एकीचं हसू थांबलं की दुसरी "बदक" म्हणायची. बटाटे गडगडत कपाटाखाली गेले ते दोघींनी नंतर गुडघ्यांवर बसून काढले. मग बाईंनी कबूल केलं की बदक आता एकट्या त्यांचं राहिलेलं नाही. बहिणीला माहीत आहे, भाजीवालीला माहीत आहे, टपाल आणणाऱ्यालाही माहीत आहे. वहिनी रस्त्याने गेल्या की लोक तोंड फिरवतात ते यासाठी, समोर हसायला नको म्हणून.

वहिनी जिना चढायला लागल्या आणि मधल्या पायरीवर बसल्या. हसून पोट दुखत होतं, पण आता सकाळचं पत्र आठवलं. आपण सगळं किती छातीठोकपणे लिहिलं होतं! दात खराब आहेत. माणसं बघत नाहीत. एका दिवसात दोन वाक्यं खोटी निघाली होती आणि दोन्ही एव्हाना बिल्डिंगभर झाली होती.

त्यांनी तशीच एक दुरुस्ती लिहून पाठवली, बदकासकट. काही लपवलं नाही. आईंचं उत्तर तासाभरात आलं, या वेळी अक्षर अंमळ घाईचं:

"बदकाचं वाचून हसले. पण मी त्या बाईच्या दातांचं खाली सगळ्यांना सांगून बसले आहे. आता मला पुन्हा जाऊन सांगावं लागणार. बाकीचं जे लिहिलंस ते पाहिलेलं आहे की वाटलेलं आहे? तपास आणि मग लिही. माझी पंचाईत करू नकोस."

पाहिलेलं की वाटलेलं. वहिनींनी आपलं पत्र फोनवर उघडून पुन्हा वाचलं. वाचता वाचता त्यांच्या लक्षात आलं की पाहिलेलं थोडंच होतं.

दुसऱ्या दिवशी लॅबमध्ये त्यांनी आधी सरांना गाठलं. सर उंच, हडकुळे, मोजकं बोलणारे. दोघांचंही इंग्रजी मोडकं, पण दातांपुरतं पुरायचं. वहिनींनी फळीकडे बोट दाखवून विचारलं, "माझं काम वेगळं का ठेवता?"

सरांनी फळीवरचा साचा उचलला आणि नखाने मेणाचा कोपरा दाबला. वहिनींनी घरून आपलं मेण आणलं होतं. उन्हाळ्यात दात हलू नयेत म्हणून त्या नेहमी कडक मेण वापरायच्या, हातात बसलेलं. रंग मात्र इथल्या मेणासारखाच. इथल्या मुलांनी चुकून त्यातलं घेतलं की त्यांच्या हातात त्याचे तुकडे पडायचे. "मिसळू नये म्हणून," सर म्हणाले. "बाकी काही नाही."

"काम कसं आहे मग?"

सरांनी साचा उजेडात धरून जरा वेळ पाहिला. "हातचं काम चांगलं आहे. कॉम्प्युटरवर अजून घाबरता तुम्ही."

हे मात्र अगदी खरं होतं. वहिनींनी जेवायच्या सुट्टीत लिहिलं, "फळीचं कारण मेण. कौतुक नव्हे. खाली सांगितलं असेल तर तेही दुरुस्त करा." लिहिताना नाक थोडं खाली आलं, पण एकदा सुरुवात केली म्हटल्यावर अर्धवट कशाला ठेवायचं?

राहिला समोरचा माणूस.

संध्याकाळी खिडकीतून पाहिलं तर तो होताच. पन्नाशीचा, टक्कल पडलेला, गळ्यात माप घ्यायची टेप. टेबलावर कापडाचा मोठा ढीग. त्याने हातातली कात्री ठेवली, खोलीच्या रिकाम्या कोपऱ्याकडे वळला आणि हातवारे सुरू झाले. बोटं उघडली, मिटली, मनगटावर आपटली, मग खांदे उडवून तो हसला. कोपऱ्यात कुणी नाही. वहिनी खाली गेल्या आणि घरमालकिणीला खिडकीशी आणून दाखवलं. "हे कोणाशी बोलतात?"

"तो पडदे शिवतो," फोन म्हणाला. "तो त्याच्या आईशी बोलत आहे."

"आई कुठे आहे?"

घरमालकिणीने फोन वहिनींच्या हातात दिला, सरळ त्यांचं मनगट धरलं, सपाता बदलल्या आणि दोघी रस्ता ओलांडून समोरच्या जिन्यावर.

पडदेवाल्याने दार उघडलं. दोघींना बघून आधी गोंधळला, मग आत घेतलं. खोलीत सगळीकडे कापड. त्याच कोपऱ्यात, खिडकीच्या चौकटीपेक्षा खाली, बाहेरून दिसणारच नाही अशा ठिकाणी, एक बुटकी खुर्ची होती. तीत एक म्हातारी बसली होती, एवढीशी, गुडघ्यांवर शाल, पाय एका पेटीवर. तोंडात एकही दात नव्हता आणि त्याची तिला अजिबात फिकीर दिसत नव्हती. वहिनींना बघून ती तोंड भरून हसली. मग मुलाकडे वळून तिने हाताचा पंजा जबड्यासारखा दोनदा उघडला-मिटला, आणि तोच हात छातीवर ठेवून मान कलती केली, चेहरा दुःखी.

पडदेवाला कावराबावरा झाला. घरमालकिणीने त्याला खोदून खोदून विचारलं तेव्हा त्याने फोनजवळ तोंड नेऊन सांगितलं. फोनमधली बाई नेहमीच्याच आवाजात म्हणाली, "मी समोरच्या खिडकीत आपणांस पाहतो आणि आईला सांगतो. आपण दररोज संध्याकाळी दातांचा जबडा हातात धरून त्याच्याकडे पाहत बसता. आम्हांला वाटले, ते आपल्या दिवंगत पतीचे दात आहेत. आईला आपली फार दया येते."

वहिनींनी कपाळाला हात लावला. "अहो, माझा नवरा चांगला धडधाकट आहे! गाडी शिकवतो!" आणि मग त्यांना इतकं हसू आलं की भिंतीचा आधार घ्यावा लागला. आपण इकडून त्याची बायको पळवून लावली होती आणि तो तिकडून आपल्या नवऱ्याला मारून मोकळा झाला होता. फिटंफाट. फोनने ते त्यांच्या भाषेत कसं सांगितलं देव जाणे, पण पडदेवाल्याचा जीव भांड्यात पडलेला दिसला. त्याने आईकडे वळून हातांनी सगळं सांगितलं. म्हातारी डोळे मिचकावत बघत होती. शेवटी तिने पुन्हा पंजाचा जबडा उघडला-मिटला आणि या वेळी छातीवरचा हात गाळला. वहिनींचं हे नवं नाव. फक्त दात. दुःख वजा.

मग चहा झाला आणि वहिनींनी विचारायला सुरुवात केली. त्यांना आता थांबवणं कठीण होतं. ही हातांची भाषा कुठे शिकलात? शाळा असते का?

नाही, पडदेवाला म्हणाला. आईला म्हातारपणी ऐकू येईनासं झालं. या खुणा आम्ही दोघांनी घरातच केल्या. औषध म्हणजे मनगटावर दोन टिचक्या. गिऱ्हाईक म्हणजे दोन्ही हातांनी पडदा सरकवणं. कटकट्या गिऱ्हाईक म्हणजे तोच पडदा, पण अडकलेला. तो करून दाखवायचा आणि म्हातारी मान हलवून मध्येच त्याची चूक काढायची.

"पण सुरुवात कशी झाली? आधी ओरडून बोलत असाल ना?"

पडदेवाल्याने कात्री हातात घेतली, पुन्हा ठेवली. मग बराच वेळ बोलला. फोन ऐकत राहिला आणि मग म्हणाला, "आधी मी ओरडत असे. एके दिवशी आईने विचारले, मी काय केले आहे, तू माझ्यावर एवढा का रागावतोस? मी म्हणालो, मी रागावलेलो नाही, मी फक्त जेवण झाले आहे असे सांगत आहे. ती म्हणाली, शब्द मला ऐकू येत नाहीत, मला तुझा चेहरा दिसतो. मी आरशासमोर जाऊन तेच वाक्य ओरडून पाहिले. त्यानंतर मी ओरडलो नाही."

म्हातारी कपातला चहा फुंकत होती. वहिनींच्या डोळ्यांपुढे आपलं स्वयंपाकघर आलं. आपण ओट्याशी उभ्या राहून मान वळवून ओरडतो, "आई, दूध आलंय!" नवरा कामावरून दमून येतो आणि "जेवलीस का?" हे असं विचारतो की गल्लीत ऐकू जावं. लेक वरच्या पट्टीत. चौघांच्या घरात तिघं सकाळपासून ओरडतात आणि चौथ्या माणसाला त्यातलं ऐकू येतं ते काहीच नाही. नुसतं दिसतं.

खोलीवर परत आल्यावर त्यांनी आरशापुढे उभं राहून पाहिलं. "आई, दूध आलंय." कपाळावर आठ्या, मानेची शीर ताठ, ओठ ताणलेले. दात सगळे दिसत होते. इतक्या वर्षांत लोकांची तोंडं बघण्यात आयुष्य गेलं आणि हे एक तोंड बघायचं राहून गेलं होतं.

पत्राचा पुढचा कागद लिहायला त्यांना फार वेळ लागला. खोडलं, पुन्हा लिहिलं. शेवटी साधंच लिहिलं, समोरचे गृहस्थ एकटे नाहीत, त्यांची आई आहे, आणि ते मायलेक असं असं बोलतात. पडदेवाल्याने सांगितलेलं जसंच्या तसं लिहिलं. आणि खाली: "आई, आम्ही ओरडतो तेव्हा तुम्हांला असंच वाटतं का? मला हे कधी सुचलंच नाही. वाटलेलं लिहीत नाही, विचारते आहे."

उत्तर लगेच आलं नाही. संध्याकाळ गेली. दुसरी सकाळ गेली. वहिनींनी लॅबमध्ये दहादा फोन काढून पाहिला. सरांनी कॉम्प्युटरवर बसवायला दिलेली कवळी त्यांनी न घाबरता बसवली, कारण लक्षच नव्हतं. नवऱ्याला फोन केला तर तो म्हणाला, "आईने वाचलं. काही बोलली नाही. आज खाली बाकावरही गेली नाही. काय लिहिलंस तरी काय?"

"तुम्ही वाचलं नाहीत?"

"मला दाखवलं नाही. तुझी लेकसुद्धा सांगत नाही, म्हणते आजीने शपथ घातली आहे."

वहिनींनी फोन ठेवला. इतक्या लांबून, कागदावर, असलं लिहायला नको होतं. समोर बसून बोलायची गोष्ट होती. पण समोर बसून बोलायचं म्हणजे तरी कसं? ओरडून?

निघायच्या आदल्या दिवशी बॅग भरत असताना फोटो आला. टपोरं अक्षर, अगदी सावकाश लिहिलेलं.

"विचारलंस म्हणून सांगते. वाटतं. तुमचा राग नाही हे मला माहीत आहे, पण माहीत असून उपयोग होत नाही. तुम्ही तिघं ओरडता तेव्हा तुझ्या नवऱ्याचा चेहरा सगळ्यांत वाईट दिसतो. त्याच्या वडिलांसारखा. हातवारे करायला मी काही माकड नाही, ते मला जमायचं नाही. या वयात कुठे नवीन शिकू? प्रवास जपून कर."

वहिनींनी दोनदा वाचलं. मग पलंगावर टेकल्या. तेवढ्यात फोन पुन्हा वाजला. आणखी एक कागद, छोटा, कुठल्यातरी पाकिटाच्या मागे लिहिलेला:

"त्या म्हाताऱ्या बाई 'पुरे' कसं म्हणतात ते विचारून ये."

वहिनी उठल्या आणि तशाच समोरच्या घरी गेल्या. पडदेवाल्याला प्रश्न सांगितला, त्याने आईला. म्हातारीने लगेच उत्तर दिलं नाही. कोणासाठी हवं आहे, असं तिने विचारलं. वहिनींनी फोनवरचा आईंचा फोटो दाखवला, चष्मा नाकावर, कपाळाला आठी. म्हातारीने फोटो जवळ धरून निरखला. मग आपल्या मुलाला हाताने बाजूला केलं, वहिनींना समोर बसवलं आणि उजवा हात उचलून तळवा असा खाली केला की जणू उतू जाणाऱ्या पातेल्यावर झाकण ठेवलं. पुन्हा केला. वहिनींनी करून पाहिला. म्हातारीला पसंत पडला नाही. तिने वहिनींची बोटं धरून सरळ केली, मनगट जरा वाकवलं, आणि पुन्हा करायला लावलं. चार-पाचदा झाल्यावर मान डोलावली.

घरी परतल्यावर पहिले काही दिवस अवघड गेले. सवय अशी जात नाही. लेक दोन दिवसांत विसरून पुन्हा ओरडायला लागली, नवरा हात वर करायचा आणि पुढे काय ते न सुचून तसाच उभा राहायचा. आईंनी "पुरे" मात्र पहिल्याच संध्याकाळी उचललं आणि सगळ्यांत आधी वाढणाऱ्या वहिनींवरच वापरलं. बाकीच्या परदेशी खुणा त्यांनी एकजात नापास केल्या. औषधाची खूण त्यांना पटली नाही, मनगटाचा काय संबंध म्हणाल्या, त्याऐवजी तोंड कडू करून दाखवायचं ठरलं. दिराच्या नावाची खूण त्यांनी स्वतः केली. ती बघून लेक हसत सुटली आणि भेटायला आलेला दीर रुसला.

आता संध्याकाळी बिल्डिंगमधले खाली बसतात तेव्हा आई वहिनींनाही बोलावून घेतात. वहिनी समोर बसतात, उजेड चेहऱ्यावर पडेल अशा. हळू बोलतात, अर्धं ओठांनी, अर्धं हातांनी, आणि अगदीच अडलं तर मांडीवर बोटाने लिहून. परवा आईंनी विचारलं, "त्या म्हातारीला दात नाहीत म्हणालीस. मग ती चावते कशाने?" वहिनींनी सांगायला हात उचलला आणि त्यांच्या लक्षात आलं की हे विचारायचंच राहिलं. त्यांनी तसं सांगितलं. आई जरा विचार करून म्हणाल्या, "मग लिही त्या घरमालकिणीला. विचार म्हणावं."

वहिनी कागद आणायला वर गेल्या.